रिपोर्ट सर्व्हरवरनं रिपोर्ट कुठं आणि कसा पाठवायचा: मेल, शेअर फोल्डर आणि त्यातल्या खाचाखोचा

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर पट्ट्यात सोसायटी म्हणा, सौहार्द (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्था) म्हणा, दूध डेअरी म्हणा, हेड ऑफिसात एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असतोय आणि त्याच्यासंगट रिपोर्टिंग सर्व्हिसेस पण टाकलेली असते, म्हणजे त्या डेटाचे रिपोर्ट काढून देणारा रिपोर्ट सर्व्हर. पण तिचा उपयोग काय, तर सकाळी कुणीतरी ब्राउझर उघडणार, एकेका शाखेचा थकबाकी रिपोर्ट काढणार, पीडीएफ सेव्ह करणार आणि एकेका मॅनेजरला मेल करत बसणार. हे सगळं सर्व्हर स्वतः करू शकतो, फक्त रिपोर्ट कुठं टाकायचा हे त्याला एकदा नीट सांगून ठेवावं लागतं. ते कसं करायचं म्हणून बरेच जण विचारूलालेत म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय. मी २०१६ ते २०२२ पर्यंतच्या व्हर्जनबद्दल बोलतोय, त्याआधीच्यात स्क्रीन जरा वेगळ्या आहेत.

एक गोष्ट पहिलीच डोक्यात पक्की करा, कारण पुढच्या नव्वद टक्के अडचणी तिथनंच येतात. तुम्ही ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघता तेव्हा तो तुमच्या लॉगिननं चालतो, तुमच्या मशीनवर दिसतो. रात्री दोन वाजता सर्व्हर आपला आपण रिपोर्ट पाठवतो तेव्हा तिथं तुम्ही नसता, तुमचा पासवर्ड नसतो, तुमचा झेड ड्राइव्ह नसतो आणि तुमच्या मशीनवरचे फॉन्ट पण नसतात. जे काय आहे ते सर्व्हरचं आणि त्याला दिलेल्या खात्याचं. त्यामुळं "मला तर उघडतंय की" हे उत्तर इथं कामाचं नाही, सर्व्हरच्या खात्याला उघडतंय काय ते बघायचं.

आता सुरुवात करायच्या आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, एडिशन. एक्स्प्रेस एडिशन असेल तर सबस्क्रिप्शन, म्हणजे ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप पाठवायची सोयच त्यात नाही, तिथं कितीही शोधलं तरी सापडणार नाही, स्टँडर्ड तरी पाहिजेच. दुसरी, एसक्यूएल सर्व्हर एजंट चालू पाहिजे आणि त्याचा स्टार्टअप मोड ऑटोमॅटिक पाहिजे. शेड्यूलचं घड्याळ तोच सांभाळतो, रिपोर्ट सर्व्हर नाही. आपल्याकडं पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडून परत चालू झाला आणि एजंट मॅन्युअलवर होता म्हणून बंदच राहिला, की आठवडाभर एकही रिपोर्ट जात नाही आणि कुठं एरर पण दिसत नाही, कारण जॉब (एजंटला लावून दिलेलं काम) सुरूच झालेला नसतो. तिसरी, रिपोर्टच्या डेटा सोर्समध्ये (रिपोर्ट डेटा कुठनं घेतो ते सेटिंग) युजरनेम पासवर्ड साठवलेला पाहिजे. विंडोज लॉगिन वापर असं सेटिंग असेल तर सबस्क्रिप्शन बनवतानाच सर्व्हर सांगतो की क्रेडेन्शियल साठवलेले नाहीत, होणार नाही. यासाठी एसक्यूएलमध्ये फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं लॉगिन करा, 'एसए' (सगळे अधिकार असलेलं लॉगिन) तिथं टाकून ठेवू नका, प्लीज.

मेलपासून सुरू करूया, कारण सगळ्यात जास्त तेच लागतं. रिपोर्ट सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडायचा, डावीकडं ईमेल सेटिंग्ज. सेंडर अॅड्रेसमध्ये ज्या पत्त्यावरनं मेल जाणार तो, आणि एसएमटीपी सर्व्हरमध्ये तुमच्या मेलवाल्याच्या सर्व्हरचं नाव. खाली ऑथेंटिकेशनचे तीन पर्याय आहेत: काहीच नको, युजरनेम पासवर्ड, नाहीतर सर्व्हिसचं स्वतःचं खातं. ऑफिसात स्वतःचा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असला तर तिसरा चालतो, पण आपल्याकडं बहुतेक ठिकाणी बाहेरचाच मेल असतो, मग दुसरा घ्या आणि सिक्युअर कनेक्शनवर टिक करा. तुम्ही म्हणाल पोर्ट (कनेक्शनच्या दाराचा नंबर) कुठं टाकायचा, तर त्या स्क्रीनवर पोर्टचा रकानाच नाही. डीफॉल्ट २५ धरला जातो आणि तो २५ इंटरनेटवाले बऱ्याचदा अडवून ठेवतात. ५८७ पाहिजे असेल तर आरएसरिपोर्टसर्व्हर नावाची कॉन्फिग फाइल नोटपॅडमध्ये अॅडमिन म्हणून उघडा, आधी तिची एक कॉपी बाजूला काढून ठेवा, मग एसएमटीपी-सर्व्हर-पोर्ट नावाच्या टॅगमध्ये ५८७ घाला, सेव्ह करा आणि सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा. पुष्कळांचं इथंच अडकतं. स्क्रीनवर सगळं बरोबर भरलेलं असतं आणि तरी मेल जात नाही.

जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, २०२२ पासून गूगलनं ते बंद केलंय. त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि मग १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड काढून तो इथं टाकायचा. सेंडर अॅड्रेस पण तोच ठेवा. अॅटॅचमेंट २५ एमबीच्या वर जात नाही आणि साध्या जीमेल खात्यावरनं दिवसाला किती मेल पाठवता येतात त्यालाही मर्यादा आहे, म्हणून शाखा जास्त असतील तर संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचाच मेल घ्या. आणि एक, कुठल्या क्लार्कच्या पर्सनल जीमेलवर हे उभं करू नका. तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला की पासवर्ड बदलतो आणि सगळे रिपोर्ट एका रात्रीत बंद.

मेल सेटिंग झालं नसेल तोपर्यंत सबस्क्रिप्शनच्या स्क्रीनवर ईमेल हा पर्यायच दिसत नाही, त्यामुळं तो दिसायला लागला म्हणजे निदान अर्धं काम झालं. आता ब्राउझरमधनं रिपोर्ट सर्व्हरच्या वेब पोर्टलवर जा, रिपोर्टच्या तीन टिंबांवर क्लिक, मॅनेज, सबस्क्रिप्शन्स, न्यू. टू, सीसी, बीसीसी, सब्जेक्ट भरा. सब्जेक्टमध्ये अॅट चिन्ह लावून रिपोर्ट-नेम आणि एक्झिक्युशन-टाइम हे दोन शब्द इंग्रजीत टाकता येतात, सर्व्हर त्याजागी रिपोर्टचं नाव आणि वेळ घालतो. एखाद्या युजरला टूचा रकाना बदलताच येत नसेल, तिथं त्याचंच नाव येऊन बसत असेल, तर तो बिघाड नाही. त्याला फक्त स्वतःची सबस्क्रिप्शन सांभाळायची परवानगी आहे, सगळ्यांची नाही. शाखेतल्या माणसाला तेवढीच असू दे, ते चांगलंच आहे.

रिपोर्ट मेलमध्ये जोडायचा की फक्त लिंक पाठवायची? दोन्हीला वेगवेगळ्या टिक आहेत. लिंक उघडायला मॅनेजरला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यावं लागतं, शाखेत व्हीपीएन (बाहेरनं ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित लाइन) नसेल तर ती लिंक काय उपयोगाची नाही, पण आकडे बाहेर जात नाहीत हा तिचा फायदा. मेंबरचं नाव, खाते नंबर, थकबाकी असलेल्या रिपोर्टला मी लिंकच धरतो, नुसती एकूण बेरीज असलेल्याला पीडीएफ जोडतो. आणि त्याच कॉन्फिग फाइलमध्ये परमिटेड-होस्ट्स नावाचा टॅग आहे, त्यात तुमचं डोमेन घातलं की सर्व्हर त्याच्या बाहेरच्या पत्त्यावर मेल पाठवतच नाही. हे नक्की करा. पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकून पिग्मीचा (रोजच्या बचत ठेवीचा) रिपोर्ट भलत्याच माणसाला गेला तर परत आणता येत नाही.

आता फाइल शेअर, म्हणजे रिपोर्टची फाइल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. माझ्या मते शाखा असलेल्या संस्थेला मेलपेक्षा हेच बरं, कारण जुना रिपोर्ट शोधायचा झाला तर कुणाच्या इनबॉक्समध्ये हात घालावा लागत नाही आणि ऑडिटर आले की वर्षाचं फोल्डर त्यांच्यासमोर ठेवता येतं.

पण इथंच ते सर्व्हरच्या खात्याचं प्रकरण जास्त नडतं. पाथ यूएनसीच लागतो, म्हणजे \\एचओसर्व्हर\रिपोर्ट\खानापूर असा, दोन उलटे स्लॅश, मशीनचं नाव, शेअरचं नाव, फोल्डर (तुमच्याकडं नावं अर्थातच इंग्रजीत असतील). सी कोलन किंवा मॅप केलेला झेड कोलन चालत नाही, कारण झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनवर आहे, सर्व्हिसला तो माहीतच नाही. फोल्डर रिपोर्ट सर्व्हरवरच असलं तरी ते शेअर करून यूएनसीनंच द्यायचं. फोल्डर आधीपासून तयार पाहिजे, सर्व्हर नवीन फोल्डर करत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्षाचं फोल्डर करायचं आणि सबस्क्रिप्शनमधला पाथ बदलायचा हे काम ३१ मार्चच्या आधी कुणाच्या तरी अंगावर टाकून ठेवा.

खातं कोणतं द्यायचं? रिपोर्टसाठी म्हणून एक वेगळं विंडोज खातं काढा. डोमेन असेल तर डोमेनवर, वर्कग्रुप असेल तर ज्या मशीनवर फोल्डर आहे त्या मशीनवर, आणि मग नाव लिहिताना मशीनचं नाव, उलटा स्लॅश, युजर असं. त्याचा पासवर्ड एक्स्पायर होणार नाही असं ठेवा, नाहीतर बेचाळीसाव्या दिवशी सगळं ठप्प होतंय आणि कुणाला काय कळत नाही. मग त्या खात्याला परवानगी दोन ठिकाणी द्यायची: शेअरिंगच्या टॅबमध्ये चेंज आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये मॉडिफाय. दोन्हीपैकी जी कमी तीच लागू होते, त्यामुळं एकाच ठिकाणी दिली आणि अॅक्सेस डिनाइड आला म्हणून डोकं धरून बसायचं नाही. हे खातं कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये सबस्क्रिप्शन सेटिंग्जमध्ये एकदाच भरून ठेवता येतं, मग प्रत्येक सबस्क्रिप्शनमध्ये फाइल शेअर अकाउंट वापर एवढंच निवडायचं. याचा फायदा पासवर्ड बदलायच्या वेळी कळतो, एका जागी बदलला की झालं, नाहीतर चाळीस सबस्क्रिप्शन उघडून चाळीस वेळा टाइप करायचं.

त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं याचे तीन पर्याय येतात: जुनीवर लिही, लिहू नको, किंवा नावाला नंबर वाढवत जा. रोजकीर्दीसारख्या रिपोर्टला जुनीवर लिहिणं म्हणजे कालची फाइल पुसली. फाइलच्या नावातच अॅट-टाइमस्टॅम्प घाला, प्रत्येक फाइलला तारीख वेळ आपोआप लागते. उलट, मॅनेजर सकाळी एकच फाइल उघडून बघतो अशा डॅशबोर्डसारख्या रिपोर्टला ओव्हरराइटच बरोबर. तेवढी एक्स्टेन्शन जोडायची टिक विसरू नका, नाहीतर फाइल पडते पण डबल क्लिक केली की विंडोज विचारतंय कशात उघडू.

फोल्डर शाखेतल्या मशीनवर ठेवावं की हेड ऑफिसात, हा प्रश्न येतोच. हेड ऑफिसात. कणकुंबी, जांबोटीकडं पावसात नेट दोन दोन दिवस नसतं, सर्व्हर रात्री तिकडं फाइल लिहायला गेला आणि लाइन तुटलेली असली की रिपोर्ट फेल. फाइल इथं पडू दे, शाखेला लाइन आली की ती व्हीपीएनवरनं येऊन वाचेल. प्रत्येक शाखेला आपल्याच फोल्डरचं फक्त वाचायचं राइट द्या. इंटरनेटवर सरळ फोल्डर शेअर करायचा विचार पण करू नका, फोल्डर शेअरिंगचा ४४५ पोर्ट बाहेर उघडा ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला दार उघडं. आणि जुना नॅस बॉक्स (नेटवर्कवरची हार्डडिस्क) असेल, जो फक्त एसएमबी (फोल्डर शेअरिंगची भाषा) व्हर्जन १ बोलतो, तर नवीन विंडोज सर्व्हर त्याच्याशी बोलणार नाही कारण व्हर्जन १ आता आपोआप इन्स्टॉल होत नाही. ते मुद्दाम चालू करण्यापेक्षा नॅस बदला.

आता आपल्या भागाचा खास मुद्दा, भाषा. मल्टीस्टेट सोसायटी असली की एकाच रिपोर्टात शाखेचं नाव कन्नडमध्ये, मेंबरचं नाव मराठीत, हेडिंग इंग्रजीत असं असतंय, आणि चंदगड, गडहिंग्लजच्या शाखेला मराठी पाहिजे तर हुक्केरी, अथणीला कन्नड. डिझाइन करणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं छान दिसतं आणि मेलमधनं आलेल्या पीडीएफमध्ये चौकोन चौकोन. कारण तेच, पीडीएफ सर्व्हरवर बनतो आणि तो फॉन्ट सर्व्हरवर नाही. सोपा उपाय म्हणजे रिपोर्टातल्या सगळ्या टेक्स्टबॉक्सना निर्मला यूआय फॉन्ट द्या, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहे आणि तो विंडोज ८ पासून सोबतच येतो. मंगल (देवनागरी) किंवा तुंगा (कन्नड) हे फॉन्ट वापरले असतील तर ते सर्व्हरवर आहेत काय ते सी ड्राइव्हच्या फॉन्ट्स फोल्डरात बघा, नसतील तर टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. पण डेटाच जुन्या श्रीलिपी किंवा जुन्या नुडीत (जुनी मराठी, कन्नड टायपिंगची सॉफ्टवेअर) टाइप केलेला असेल, तर तो युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीच, आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत. त्याला सर्व्हरवर फॉन्ट टाकून पीडीएफ कसाबसा सुधारेल पण एक्सेल आणि सीएसव्हीत ज्याच्याकडं फॉन्ट नाही त्याला कचराच दिसणार. तिथं टेबलमधला डेटाच एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, दुसरा रस्ता नाही.

भाषेबरोबर आकडे पण आले. रिपोर्टच्या प्रॉपर्टीत लँग्वेज मुद्दाम इंग्लिश इंडिया ठेवा, म्हणजे स्वल्पविराम लाख कोटीच्या जागी पडतात. तारखेचा फॉरमॅट पण दिवस, महिना, वर्ष असा हातानं लिहा, सर्व्हरच्या भरवशावर सोडू नका. ०५/०४ ही पाच एप्रिल की चार मे यावरनं हप्त्याची तारीख चुकते.

फॉरमॅट कोणता द्यायचा यावर जास्त बोलायची गरज नाही. वाचायला पीडीएफ, ज्याला पुढं बेरीज करायचीय त्याला एक्सेल, दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा असेल तर सीएसव्ही. सीएसव्ही एक्सेलमध्ये सरळ डबल क्लिक करून उघडू नका, खाते नंबरापुढची शून्यं उडतात, डेटा टॅबमधनं इम्पोर्ट करा.

शाखा जास्त असतील तर डेटा-ड्रिव्हन सबस्क्रिप्शन नावाचा प्रकार आहे. एका टेबलमध्ये शाखेचा कोड, मेल पत्ता, फोल्डर आणि फॉरमॅट लिहून ठेवायचा, सर्व्हर ते टेबल वाचून प्रत्येकाला त्याचा त्याचा रिपोर्ट पाठवतो. फार सुंदर सोय आहे, नवीन शाखा उघडली की टेबलमध्ये एक ओळ वाढवायची, संपलं. पण ही एंटरप्राइझ एडिशनमध्येच मिळते (डेव्हलपरमध्ये आहे, पण ती फक्त शिकायला आणि टेस्टिंगला, रोजच्या कामाला वापरायचं लायसन नाही). स्टँडर्डवाल्यांनी प्रत्येक शाखेचं वेगळं सबस्क्रिप्शन करायचं आणि पॅरामीटरमध्ये शाखा कोड घालायचा. कंटाळवाणं आहे पण चालतंय. डेटा-ड्रिव्हनमध्येच नल डिलिव्हरी नावाचं एक ठिकाण दिसेल, त्यात रिपोर्ट कुठंच जात नाही, फक्त आधीच तयार करून कॅशमध्ये ठेवला जातो म्हणजे सकाळी उघडताना पटकन उघडतो.

प्रिंटर? सरळ प्रिंटरला पाठवायचं ठिकाण यात तयार मिळत नाही. फोल्डरमध्ये पीडीएफ टाका आणि शाखेत कुणीतरी प्रिंट मारू दे. व्हॉट्सअॅपचं पण तसंच, तयार सोय नाही, प्रोग्रामर धरून वेगळं डिलिव्हरी एक्स्टेन्शन लिहून घेता येतं, पण मेंबरांची थकबाकी ग्रुपवर टाकायला माझा सक्त विरोध आहे. ती माणसं आपल्याच गावातली असतात.

वेळेबद्दल. सगळे जण शेड्यूल रात्री अकराला लावतात आणि एखाद्या दिवशी एखाद्या शाखेचा डे-एन्ड (दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम) साडेअकराला होतो, मग रिपोर्ट जातो पण आकडे अर्धवट. अर्धवट रिपोर्ट न गेलेल्या रिपोर्टपेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी निर्णय घेतो. प्रत्येक सबस्क्रिप्शनच्या शेड्यूलचा एजंटमध्ये एक जॉब बनतो, त्याचं नाव लांबलचक अक्षरं-आकड्यांचं असतं. डे-एन्डच्या प्रोसिजरच्या अगदी शेवटच्या ओळीत तो जॉब सुरू करायला लावा, म्हणजे डे-एन्ड झाला की रिपोर्ट, आधी नाही. त्या जॉबचं नाव बदलू नका, सर्व्हर त्याला नावानंच ओळखतो.

सगळं झालं की शेड्यूलची वाट बघत बसायचं नाही, सबस्क्रिप्शनवर टिक करा आणि रन नाऊ दाबा. मग स्टेटसचा रकाना वाचा. मेल सेंट लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की मेल सर्व्हरनं तो घेतला, मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये पोचला असं नाही, म्हणून पहिल्या दिवशी फोन करून विचारा, स्पॅम फोल्डर पण बघायला लावा. फेल्युअर आला तर पुढचे शब्द नीट वाचा, लॉगऑन आला तर पासवर्ड, अॅक्सेस आला तर फोल्डरची परवानगी, कनेक्ट आला तर पोर्ट किंवा फायरवॉल. मेल गेला नाही तर सर्व्हर डीफॉल्टनं १५ मिनिटांच्या अंतरानं तीनदा परत प्रयत्न करतो, त्यामुळं थोडा वेळ नेट गेलं तर ते आपोआप सावरतं, रात्रभर गेलं तर नाही. सविस्तर बघायचं असेल तर लॉगफाइल्स फोल्डर आहेच, आणि रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्युशन-लॉग-३ नावाचा व्ह्यू आहे, त्यात कोणता रिपोर्ट कधी चालला, किती वेळ लागला, यशस्वी झाला काय ते सगळं येतं. तो डीफॉल्टनं ६० दिवसांचंच ठेवतो, ऑडिटसाठी जास्त पाहिजे असेल तर सर्व्हरच्या प्रॉपर्टीत आकडा वाढवा.

शेवटचं काम आणि हे आजच करा. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये एन्क्रिप्शन कीज म्हणून पान आहे, तिथं बॅकअप दाबून कीची फाइल पासवर्ड लावून दुसऱ्या मशीनवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा आणि पासवर्ड लिहून चेअरमनसाहेबांच्या नाहीतर सीईओंच्या तिजोरीत. साठवलेले सगळे पासवर्ड त्याच किल्लीनं बंद केलेले असतात. सर्व्हर उडाला, डेटाबेस दुसऱ्या मशीनवर परत आणला आणि की नसली, तर रिपोर्ट राहतात पण प्रत्येक डेटा सोर्सचा आणि प्रत्येक सबस्क्रिप्शनचा पासवर्ड परत भरावा लागतो. सर्व्हिसचं खातं बदलायचं असलं तरी विंडोजच्या सर्व्हिसेसमधनं बदलू नका, याच मॅनेजरमधनं बदला, तो बदलतानाच कीचा बॅकअप मागतो आणि नवीन खात्याला ती लावून देतो.